मंत्रिमहोदय, तळाचे बरगे अजून पाण्यात आहेत

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

मृग लागला, पहिला जोराचा पाऊस पडला, इंद्रायणीला मिळणारा आमचा ओढा गढूळ होऊन भरून आला आणि त्यावरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला खोबणीत बसवलेल्या लोखंडी पाट्या, यंदाही जागच्या जागी आहेत. '31 मेपूर्वी सर्व बरगे काढण्यात येतील' असं लेखी उत्तर आमच्याकडे आहे. त्यावर शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. बंधारा आपल्या खात्याचा नाही, हे आम्हाला माहीत आहे. मासे आपल्या खात्याचे आहेत, निदान पाटीवर तरी तसं लिहिलंय, म्हणून हे पत्र आपल्याला.

बरगे नेमके कसे राहतात ते सांगतो, म्हणजे पुढच्या बैठकीत कुणी आपल्याला 'काढले' म्हणून फोटो दाखवला तर उपयोग होईल. वरचे थर मोकळे असतात, ते निघतात. तळाचे दोन थर गाळात रुतलेले, खोबणीत गंजून बसलेले, रबर सील चिकटलेलं. ते काढायचे तर आधी मागचा गाळ उपसावा लागतो, मग चेन पुली लावून एकेक बरगा सरळ वर ओढावा लागतो. तिरका ओढला की अडकतो. ठेकेदार वरचे बरगे काढतो, फोटो काढतो, बिल काढतो. एकदा पाणी भिंतीवरून वाहू लागलं की तळाला कुणाचा हात पोचत नाही आणि कागदावर 'अतिवृष्टीमुळे काम अपूर्ण' असा शेरा पडतो. जूनमध्ये पाऊस येतो ही बातमी सरकारला दरवर्षी नव्यानं कळते.

त्या दोन थरांची भिंत जेमतेम मीटरभर. पण वलगण, म्हणजे पहिल्या पावसात विणीसाठी वर चढणारे मासे, अडवायला तेवढी पुरते. खवली, शिंगटा, वाम सगळे तिथं थटतात. महाशीर पाण्याबाहेर उडी घेऊ शकतो, पण त्यासाठी भिंतीच्या पायथ्याशी खोल डोह लागतो. इथल्या बंधाऱ्यांच्या पायथ्याशी काँक्रीटची फरशी असते, तिच्यावर वीतभर पाणी. वीतभर पाण्यातून मासा उडी कशी घेईल?

आणि एखादा गेलाच वर, तर तिथं काय आहे? महाशीरची अंडी तळाला जातात, गोट्यांच्या फटीत बसतात. फुटायला तीन-चार दिवस. फुटल्यावर पिलं आणखी आठवडाभर उजेडाकडे पाठ करून गोट्यांखालीच पडून राहतात, पोटाशी असलेला बलक संपेपर्यंत. एवढे सगळे दिवस गोट्यांमधून स्वच्छ पाणी खेळतं राहायला हवं. गाळ बसला की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही, बुरशी धरते. रोहूच्या मादीला किलोमागं दोन लाख अंडी धरा, महाशीरला काही हजार. रोहूसारखी उधळपट्टी त्याला परवडत नाही. बरग्यांमागं साचलेला गाळ उन्हाळ्यात उपसला नाही तर तो पहिल्या लोंढ्यात सुटून नेमका खालच्या गोट्यांवर बसतो.

बंधाऱ्याच्या वर 'नाला खोलीकरण' झालंय. जेसीबीनं गोटे उचलले, काठाची वाळुंज आणि उंबरं उपटली आणि ओढ्याचं गटार केलं, सरळ आणि मोजायला सोपं. पाणी किती साठलं याचे आकडे छापले. गोटे किती गेले याचा रकानाच नाही. उंबराची फळं पाण्यात पडत, ती महाशीर खाई. सावली गेली, आता चैत्रात उरलेल्या डबक्यात हात घातला तर पाणी कोमट लागतं. त्याच डबक्यांत मग मासे मारायला नळयोजनेची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते. गावाचं पाणी शुद्ध करायची पावडर, पण मासे मरून वर येतात, पिलं, कोळंबी, किडे सगळं साफ. वलगणीत शॉक द्यायला इन्व्हर्टरची बॅटरी आणि बांबूला बांधलेली तार. भिंतीपाशी अडलेले, गाबोळीनं भरलेले मासे असे अर्ध्या तासात गोळा होतात. पूर्वी पाग टाकणाऱ्याच्या हातून निम्मे तरी निसटत.

सुरुंग आणि विषानं मासे मारण्यावर इंग्रजांनी 1897 सालीच कायदा केला. शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. तेव्हा दोनशे रुपयांना किंमत होती. समुद्रात 1 जूनपासून मासेमारी बंद, कारण माशांच्या विणीचा हंगाम. नदीतला मासा दिवाळीत वितो असं आपल्या खात्याचं संशोधन आहे का? नदीसाठी असा आदेश असेलच, तर तो आमच्या ओढ्यापर्यंत चढला नाही. वाटेत बंधारा लागला असेल.

आपण म्हणाल, मत्स्यबीज सोडतो की! सोडता. रोहू, कटला, मृगळ. ओढ्यात यांची वीण होत नाही. उरलेल्या जागेत चिलापी आहेच. महाशीरची बोटुकली हवी, तर याच इंद्रायणीच्या उगमाकडे लोणावळ्याच्या वळवणला टाटांचं केंद्र 1970 च्या दशकापासून ती तयार करतंय. तिथला महाशीर कावेरीत सोडला आणि आज कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. बी कुठं सोडायचं याला अक्कल लागते, फक्त पिशवी लागत नाही. आमचा महाशीर आता धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत 'किमान चिंतेचा' झालाय. ही चिंता आपण फारच मनावर घेतलेली दिसते. 1839 साली साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून याच माशाची नोंद केली. आज त्या पाण्यात हात बुडवायचीही सोय नाही.

आम्ही मागतोय ते फार नाही. बरगे 15 मेपर्यंत तळापर्यंत निघावेत, फोटो कोरड्या पात्रात, खालच्या बाजूनं काढावा. पक्क्या बंधाऱ्यांना दगडांचा उतार द्यावा. एकास वीस धरला तर दीड मीटरच्या भिंतीला तीस मीटर, दगड इथलेच. किंवा पायऱ्यांची वाट करा, दर पायरी पंधरा-वीस सेंटिमीटर, प्रत्येकीत दोन फूट पाणी. जून ते ऑगस्ट ओढ्यांत जाळं बंद ठेवा आणि त्या काळात वलगणीवर चूल पेटणाऱ्यांना भरपाई द्या. बंदी गरिबाला आणि बॅटरी गाडीवाल्याला, असं नको.

हे पत्र बांधणाऱ्या खात्याकडे 'पुढील कार्यवाहीस्तव' जाईल. ते म्हणतील मासे आमचा विषय नाही. मग ते आपल्याकडे परत येईल. पत्रांना चढउतार करायला वाट आहे, तिथं बरगे नाहीत.

आपले,
इंद्रायणीच्या वरच्या खोऱ्यातले मच्छीमार आणि शेतकरी

ता. क. : मत्स्यबीज सोडण्याच्या कार्यक्रमाचं निमंत्रण मिळालं. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं बंदच पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून थोडं थोडं ओढ्याचं पाणी आत घ्यावं आणि पिलं आपणहून बाहेर पडू द्यावीत. मागच्या खेपेला भाषण लांबलं, पिशव्या उन्हात राहिल्या आणि नंतर एकदम उपड्या केल्या. संध्याकाळपर्यंत निम्मी पोटं वर करून काठाला लागली होती.