रोमनांची विर्तुस ही देवी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला विर्तुसवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. ‘रोमनांचा मर्दानगीचा देव’ असं लेखकांनी एका ओळीत उरकलं आहे. विर्तुस देव नव्हता हो, देवी होती.

विर्तुस म्हणजे शौर्य, आणि हा शब्द लॅटिन ‘विर’ म्हणजे पुरुष यावरून आला, हे मान्य. आपला ‘वीर’ही त्याच मुळातला, आणि खुद्द रोमन वक्ता सिसेरोने हीच व्युत्पत्ती दिली आहे. पण मूर्ती घडवताना रोमनांनी बाईच घडवली. डोक्यावर शिरस्त्राण, हाती भाला, आखूड वस्त्र, एक स्तन उघडा, असा दंतकथांतल्या अ‍ॅमेझॉन योद्धीचा तिचा वेश असे.

हे मला एवढं का लागलं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेचा चमू घेऊन एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेला गेले होते. शेवटच्या फेरीत हाच प्रश्न आला. आमच्या नववीतल्या मुलीने ‘देवी’ म्हणून उत्तर दिलं. परीक्षकांनी ते चूक ठरवलं. ती घाबरली नाही. तिने रोमन सेनापती मार्सेलसची हकिकत सांगितली. त्याला सन्मानाचा देव होनोस आणि विर्तुस यांना एकाच गाभाऱ्यात बसवायचं होतं. इ. स. पू. २०८ मध्ये पुरोहितांनी ते अडवलं, कारण वीज पडली तर शांती कोणाची करायची हे कळणार नाही. मग विर्तुसचं वेगळं मंदिर बांधावं लागलं. त्याच वर्षी मार्सेलस लढाईत पडला आणि पुढे इ. स. पू. २०५ मध्ये रोमच्या पोर्ता कापेना या वेशीपाशी त्याच्या मुलाने ते मंदिर अर्पण केलं. पोरीने एवढं सगळं सांगितलं, तर परीक्षक म्हणाले, “शब्दाचा अर्थच पुरुषत्व आहे, बाळ. बस खाली.” एका गुणाने आम्ही हरलो. परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिथेच उठून भांडायला हवं होतं. मी भांडले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हा गुण फक्त पुरुषांचा, असं रोमनही मानत नव्हते. इ. स. पू. ५८ मध्ये हद्दपार झालेला सिसेरो बायकोला, तेरेन्तियाला, लिहितो की तुझं विर्तुस आणि धैर्य अचंबित करणारं आहे, असं सगळे मला कळवतात. घर मागे तीच सांभाळत होती. लेखात हे नाही. रोमला वेढा घालणाऱ्या गॉथ राजा अलारिकची खंडणी मात्र आहे: ५००० पौंड सोनं, ३०००० पौंड चांदी, वर ३००० पौंड मिरी. ती भरायला मूर्ती वितळवल्या, त्यात विर्तुसचीही गेली. तिलाही लेखकांनी ‘पौरुषाचा पुतळा’ म्हटलं आहे!

शिवाय लेखासोबत ग्लॅडिएटरचं चित्र कशासाठी? देवीची मूर्ती नाण्यांवर आहे, ती छापता आली असती. आणि पुरवणीत गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरं छापणं कृपया थांबवा, आम्हा वयस्कांना भिंग घ्यावं लागतं.

दुरुस्ती छापाल तर कोपऱ्यात दोन ओळींत नको, त्याच पानावर ठळक छापा. ती मुलगी आता पुण्यात शिकते. कात्रण मला तिला पाठवायचं आहे.

– निवृत्त संस्कृत शिक्षिका, मिरज