जुना ट्रॅक्टर आणि चिखलणी

संपादक महोदय,

पहिला पाऊस पडला की बांधावरच्या गप्पा ‘किती पडला’वरून ‘ट्रॅक्टर चालू झाला का’वर येतात. जुन्या ट्रॅक्टरचं पावसाळ्यातलं दुखणं बहुधा पाण्याचंच. टाकी अर्धी ठेवली तर आतल्या दमट हवेचं रात्रीतून पाणी होऊन तळाशी बसतं. म्हणून टाकी संध्याकाळीच भरावी आणि सकाळी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढावं. फिल्टर बदलला तर एअर, म्हणजे डिझेलच्या नळीत अडकलेली हवा, काढायलाच हवी: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा.

चिखलणीला, म्हणजे भातलावणीआधी चिखल करायला, खाचरात उतरण्याआधी क्लच हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तळाचं छिद्र बुचानं बंद करतात. चिखलणी संपल्यावर ते बूच काढायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. मग झिरपलेलं तेल आत साठतं, क्लचप्लेट घसरते आणि बोल मिस्त्रीला! गिअर ऑइल मोजायच्या पट्टीवर तेल दुधाळ दिसलं तर तेलात पाणी गेलंय. वरून तेल ओतून भागत नाही, सगळं बदलावं.

उभ्या सायलेन्सरवर रिकामा डबा पालथा घालायची जुनी पद्धत मात्र बिनतोड. चालू करण्यापूर्वी तो काढला म्हणजे झालं.

– एक वाचक, भोर