तात्या, माझं मत तुमच्यामुळे नोंदलं गेलं

आदरणीय तात्या,
सा. न. वि. वि.

परवा कपाट आवरताना 2019 सालच्या माझ्या नमुना 19 ची, म्हणजे शिक्षक मतदार नोंदणीच्या अर्जाची, झेरॉक्स सापडली. कोपऱ्यात तुमच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, ‘दोन्ही शाळांचे दाखले जोडणे’. तिथेच बसले आणि हे पत्र लिहायला घेतलं. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही स्वतःहून हे कधीच कुणाला सांगणार नाही.

पुणे विभाग शिक्षक मतदारसंघाची नोंदणी सुरू होती. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, पाच जिल्हे मिळून विधान परिषदेवर एक आमदार. मी म्हटलं, आपल्या विट्याच्या शाळेत मला जेमतेम सव्वा वर्ष झालंय, माझं कुठे बसतंय? तुम्ही चष्मा वर केलात. “मॅडम, सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवलेलं पाहिजे. सलग पाहिजे असं कुठाय? आटपाडीकडची दोन वर्षं गेली कुठं?”

त्या आधीच्या शाळेत, तिथे शिकवल्याच्या दाखल्यासाठी, मी दोनदा जाऊन आले होते. साहेब नाहीत, शिक्का कपाटात आहे, पुढच्या आठवड्यात या. तिसऱ्या खेपेला तुम्ही रजा टाकून मोटारसायकल काढलीत. भिवघाटात थांबून चहा पाजलात आणि तिथल्या ऑफिसात जाऊन, आवाज न चढवता, जावक रजिस्टर समोर ओढून घेतलंत. अर्ध्या तासात दाखला हातात. शिक्क्याची शाई ओली होती, म्हणून घडी घालू दिली नाहीत. परतीच्या वाटेवर मी तो पाठ्यपुस्तकात सपाट धरून बसले होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये वहीच्या पानावर मतपत्रिका आखून तुम्ही आमचा तास घेतलात. पसंतीक्रम आकड्यात लिहायचा, अक्षरात नाही. सही नको, अंगठा नको, आणि बरोबरची खूण तर मुळीच नको, कारण मास्तरांचा हात सवयीने तिकडेच जातो! 1 डिसेंबर 2020. केंद्रात जांभळा स्केचपेन हातात आला तेव्हा माझा हातही त्या खुणेकडे वळलाच होता. तुमचं पान आठवलं आणि 1 लिहिला.

त्या निवडणुकीत प्रा. जयंत आसगावकर निवडून आले, शिक्षकी पेशातलाच माणूस. मी कुणाला पसंती दिली ते माझ्यापाशी. पण अंशतः अनुदान, रखडलेला पगार, पटसंख्या हे जगलेला कुणी विधान परिषदेत बसतो, तेव्हा प्रश्न समजावून सांगायची पाळी येत नाही, असं मला मनापासून वाटतं. 78 जागांत शिक्षकांच्या 7. उमेदवार शिक्षकच हवा अशी अट कायद्यात नाही, अट फक्त मतदाराला. म्हणून तर आपली नोंदणी झालीच पाहिजे, हे तुमचं म्हणणं. पतंगराव कदमांचं उदाहरण तुम्ही नेहमी द्यायचात. सोनसळचा मुलगा, आधी शाळेत शिकवलं, 1985 साली विधानसभेत आमदार झाला. ते सांगताना तुमचा आवाज बदलायचा.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली, तात्या. या मतदारसंघात तुम्हाला मतच नव्हतं. शिक्षकेतर कर्मचारी त्या यादीत येत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या काकूंनाही नाही, कारण माध्यमिकच्या खालची शाळा धरत नाहीत. दोघांची सगळी नोकरी शाळेत गेली, तरी घरात या निवडणुकीचं एकही मत नाही. आणि आमच्या अकरा जणांचे अर्ज तुम्ही तहसीलला पोचवलेत, पोच घेतलीत, कच्ची यादी लागल्यावर एकेक नाव बोटाने तपासलंत. त्या वेळी मी नीट ‘थँक्यू’सुद्धा म्हटलं नाही. आज म्हणते. मनापासून आभार, तात्या.

ही यादी दर वेळी नव्याने होते. 2025 च्या दिवाळीच्या सुमारास पुन्हा नोंदणी आली, तेव्हा तुमच्या टेबलावर मी बसले. नव्या दोन मुलींचे दाखले अडले होते. एकीच्या जुन्या शाळेत मी स्वतः जाऊन आले. जाताना भिवघाटात चहा घेतला.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
गणिताच्या मॅडम