यादीतलं नाव

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर सहज म्हणालीस, "मतदार नोंदणी परीक्षा झाल्यावर करेन, घाई काय आहे?" तेव्हा काही बोलले नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागेना, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या पणजीला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. थोरल्याची आई, धाकट्याची काकू, बस्स. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट ती कितीदा सांगायची! प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. आपल्या पेटीत चिठ्ठी टाकायची. अक्षर ओळख नसली तरी अडत नव्हतं. पण तिच्या लक्षात राहिलं होतं ते वेगळंच. टेबलाशी बसलेल्या माणसाने यादीतून तिचं नाव मोठ्याने वाचलं. सासरी आल्यापासून चारचौघांत ते पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं. सांगताना ती पदर सावरायची, जणू आत्ताच कुणी हाक मारली.

त्या याद्या करताना उत्तरेकडे कितीतरी बायका "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढंच सांगत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून राहिले, की मत जिचं तिचंच नाव हवं. सुमारे 28 लाख बायका यादीतून गळल्या. मला आधी हे फार कठोर वाटायचं. पणजी आठवली की आता त्यांचं म्हणणं पटतं.

शंभरात जेमतेम अठरा जणांना लिहिता-वाचता येत होतं गं तेव्हा! इंग्रजांच्या राज्यात मत असायचं ते सारा भरणाऱ्याला, शिकलेल्याला. संविधानाच्या कलम 326 ने या अटी एका फटक्यात काढून टाकल्या. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलंही होतं, की राजकारणात समता येईल, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहिली तर ही लोकशाहीच धोक्यात येईल. ते काम अजून पुरं झालेलं नाही, हे तुला हॉस्टेलच्या खिडकीतूनसुद्धा दिसत असेल.

तेव्हा मताचं वय 21 होतं. 1988 च्या 61व्या घटनादुरुस्तीने ते 18 वर आणलं, म्हणून तर तुझी पाळी आत्ताच आली.

फॉर्म 6 या आठवड्यातच भर. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिही, काना-मात्रा तपासून. रविवारी फोन कर आणि फोटो कोणता लावलास ते सांग.

तुझी,
आई