बाबांच्या दाढेबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी निघताना फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यातली कॉम्बिफ्लामची आणि सर्दीच्या गोळ्यांची पाकिटे मी तुम्हाला न विचारता काढून आणली, हे आधी सांगते. बाबा, तुम्हाला राग येईल. पण दाढ ठणकत असताना हाताशी असलेली गोळी तुम्ही घेणार नाही, याचा भरवसा मला वाटेना. शिवाय ‘काहीतरी घ्या आणि झोपा’ असे शुक्रवारी फोनवर मीच म्हणाले होते, ते मनाला लागून राहिले आहे.

रिकाम्या पाकिटांवरून मी शनिवारचा हिशेब मांडला. दोन डोलो, तीन कॉम्बिफ्लाम आणि सर्दीच्या दोन गोळ्या, अशी नावे तीन असली तरी पॅरासिटामॉल तिन्हींत आहे: १३००, ९७५ आणि १०००, म्हणजे एका दिवसात ३२७५ मिलिग्रॅम. तुमच्या वयात ३००० च्या आत राहिलेले बरे. कॉम्बिफ्लाममधले आयबुप्रोफेन हे दुसरे वेदनाशामक १२०० मिलिग्रॅम पोटात गेले, ते वेगळेच.

ही दोन औषधे दातदुखीवर एकत्र चांगली लागू पडतात, हे मला मान्य आहे. अक्कलदाढ काढली तेव्हा मीही जेवणानंतर तीच घेत होते. पण मला ना रक्तदाबाची गोळी होती, ना रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन. तुमच्या रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनवर आणि लघवीच्या गोळीवर आयबुप्रोफेन पडले की मूत्रपिंडावर ताण येतो, आणि इकोस्प्रिनच्या जोडीने पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून डब्यात फक्त डोलो ६५० ठेवली आहे. दोन गोळ्यांमध्ये सहा तास जाऊ द्यायचे, दिवसभरात चारच्या वर घ्यायची नाही आणि प्रत्येक वेळ कालनिर्णयवर लिहायची. इकोस्प्रिन मात्र दाढ काढायची म्हणून स्वतःहून बंद करू नका. ते दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

आई, मऊ भात आणि मुगाचे वरण कोमट करून दे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लाव आणि रात्री त्यांच्या डोक्याखाली दोन उशा ठेव, म्हणजे ठणका थोडा कमी होईल. माझी दाढ किडली होती तेव्हा बाबा, तुम्ही लवंग ठेचून कापसात गुंडाळली होती आणि मला मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसला होतात. तुमचा अंगठा दुसऱ्या दिवशीही लवंगेच्या वासाचा होता. आज तसे तुमच्याजवळ बसता येत नाही, याचेच वाईट वाटते.

लवंग जरूर धरा, पण ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, तिने आतली त्वचा भाजते. गोळीने कीड जात नाही, म्हणून गुरुवारी सकाळी अकराचा नंबर मी लावून टाकला आहे. सगळ्या औषधांची पाकिटे सोबत न्या. त्याआधी गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडायला, गिळायला त्रास झाला, तर गुरुवारची वाट न पाहता लगेच दवाखान्यात जा आणि मला कितीही रात्र झाली असली तरी फोन करा.

तुमची,
छकुली