होडीवाल्या काकांना, पाण्यात बसलेल्या बदकासाठी

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचाल की नात मोबाईलवर वाचून दाखवेल, ठाऊक नाही. पण तुमचे आभार मला चारचौघांत मानायचे होते, म्हणून इथं उघड लिहितेय.

डिसेंबरात सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीवर आले तेव्हा माझ्याजवळ बदकांची अकरा चित्रं होती आणि मनासारखं एकही नव्हतं. त्याआधी धामापूरला, १५३० साली बांधलेल्या त्या तलावाच्या काठावर बसून पाण्याचे रंग घोटवले होते. बदकं मात्र फोटोंवरून काढलेली. मला हळदी-कुंकू बदक हवं होतं. किती नेमकं नाव आहे हे! काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचं बोट, मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचा एकेक ठिपका. रंग जमत होते, पंखावरचा हिरवा पट्टाही जमला होता. तरी कागदावरचं बदक खोटं वाटायचं आणि का ते उमगत नव्हतं.

होडीत तुम्ही पंच्याला हात पुसून माझी वही मागितलीत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "बाय, ह्यां बदक तू पाण्यार ठेवलंस. पाण्यात खंय आसा?" आणि समोरून येणाऱ्या होडीकडे बोट केलंत. "रिकामी होडी किती बुडता, भरलेली किती बुडता, तां आधी बघ."

मी अख्खं पोट गोल काढून त्याखाली लाटा ओढत होते! जत्रेतलं खेळण्यातलं बदक टेबलावर ठेवावं तसं. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही होडी वरच्या अंगाला नेलीत, ओढ्याचं गोडं पाणी उतरतं तिथं, आणि तिवरांच्या आड वल्हं उचलून धरलंत. वल्ह्याच्या पात्यावरून थेंब गळायचे थांबेपर्यंत आपण दोघं गप्प. चार हळदी-कुंकू होती. शेपटी पाण्यापासून स्वच्छ वर, छाती खोल, आणि कुशीची पिसं पाण्याच्या रेषेवर अशी टेकलेली की पक्षी कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं, ते सांगता येऊ नये. एकानं चरायला मान खाली घातली तर सगळा तोल पुढं गेला, जशी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, माणूस उभा राहिला की होडी झुकते. बुडी मारणारी लालसरीसारखी बदकं याहून खोल बसतात, त्यांची शेपटी पाण्याजवळ असते, हे पुस्तकात वाचलं होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी डोळ्यांनी कळला.

घरी येऊन ३०० जीएसएमचा, म्हणजे जलरंगासाठीचा जाड कागद भिजवला. या वेळी पोटाची खालची रेघ काढलीच नाही. तपकिरी रंग ओला असतानाच स्वच्छ ओल्या ब्रशनं त्याची कड पाण्यात सोडली. आपल्या दमट हवेत कागद लवकर सुकत नाही, एरवी मी त्यावर चिडते. त्या दिवशी त्यानंच मला वेळ दिला. पाण्याच्या रेषेवर केसाएवढी पांढरी फट कोरी ठेवली, उजेडासाठी. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागदच, एकदा रंग गेला की तो परत मिळणं कठीण. प्रतिबिंबही आधी चुकायचं. गडद पाठीचं प्रतिबिंब पाण्यात थोडं फिकं पडतं आणि फिक्या गळ्याचं थोडं गडद, हे मी तुमच्या होडीच्या काळ्या कडेकडे बघून पक्कं केलं. कुंकवाचे ठिपके सगळ्यात शेवटी, कोरड्यावर.

काका, ऐन सीझन होता. जेटीवर पर्यटक ताटकळत होते आणि तुम्ही माझ्यासाठी दोन फेऱ्या सोडल्यात. जास्तीचे पैसे पुढं केले तर म्हणालात, "एकाच फेरीचे दी." तेव्हा मला आभारही नीट मानता आले नाहीत. आज म्हणते, मनापासून आभार. तुमच्या एका वाक्यानं माझा हात बदलला.

बारावं चित्र फ्रेम करून ठेवलंय. पुढच्या महिन्यात घेऊन येतेय, ते तुमच्या पडवीत लावायचं आहे. काचेवर उजेड चमकला तर जरा तिरकं धरा आणि आधी पाण्याची रेघ बघा. अजून पाण्यार असेल तर तसं सांगा, मी परत काढीन.

तुमची,
बाय