नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री यांस,
सा. न. वि. वि.

कळव्याला आमच्या इमारतीत एक काकू एकट्या राहतात. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, म्हणून किराणा अॅपवरून मागवतात. गेले काही महिने त्यांच्या फोनवर एकच उत्तर येतं: 'सध्या तुमच्या भागात सेवा उपलब्ध नाही.' त्यांनी अॅप काढून पुन्हा टाकलं, पत्ता नव्याने भरला. शेवटी त्यांच्याच घरी बसून, त्यांच्याच पत्त्यावर, मी माझ्या फोनवरून तूरडाळ आणि दूध मागवलं. चहा होईपर्यंत सामान दारात! कस्टमर केअर म्हणतं, 'तांत्रिक अडचण'. काकूंनी पूर्वी नासलेलं दूध, फुटलेली अंडी परत केली होती. त्याचाच हा राग आहे का, हे त्यांना कोणी सांगत नाही.

हा नुसता संशय म्हणून सोडून देऊ नका. 2017 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने टॅक्सी कंपनी उबरचं 'ग्रेबॉल' हे छुपं तंत्र उघडकीस आणलं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये तपासणीसाठी गाडी बोलावणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना अॅपवर खोट्या गाड्या दाखवल्या जात. जिथे सरकारी माणसाला बनवता येतं, तिथे काकूंची काय कथा?

कंपनीने कुणालाही कधीच नकार देऊ नये, असं माझं म्हणणं नाही. फसवणारे ग्राहकही असतात. पण दार लावून घ्यायचं आणि आतून 'घरात कोणी नाही' म्हणायचं, हे खोटं बोलणं आहे. स्पष्ट नकार मिळाला तर माणूस दुसरं दुकान शोधतो, भांडतो, दाद मागतो. इथे तो स्वतःच्या फोनलाच दोष देत बसतो.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांत ग्राहकांचं मनमानी वर्गीकरण करायला मनाई आहे. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आहे. पण आपल्याला वगळलंय हेच माहीत नसेल, तर तक्रार कशाची करणार? डार्क पॅटर्न, म्हणजे अॅपवर ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्या; त्यांच्यावरच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 13 प्रकार आहेत, त्यांत गुपचूप नकार नाही. कर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँक बँकांना सांगते. मग किराणा आणि औषधं घरपोच देणाऱ्यांना ही सूट कशासाठी?

कारण सांगितलं तर भामटे सावध होतील, असं कंपन्या म्हणतील. ठीक आहे, भामटा कसा ओळखला ते सांगू नका. पण सेवा बंद केली आहे, कधीपासून, आणि दाद कोणाकडे मागायची, एवढं कळवणं सक्तीचं करा. दाद ऐकायला माणूस हवा, यंत्र नको. आणि डार्क पॅटर्नच्या यादीत हा चौदावा प्रकार घाला.

आपला,
कळव्यातील एक ग्राहक